पुढचा अर्धा शब्द

२६ जून २००३
शाळा उघडली. मॅडम गेली नाई.
सकाळी बोरगावातल्या पोरी सायकलीनं निघाल्या. निळे स्कर्ट, नवे दप्तर. आमच्या फाटकापाशी आल्या तशा हळू झाल्या. एकदोघी म्हणाल्या, "गुड मॉर्निंग मॅडम." मॅडम ओट्यावर खुर्चीत बसून होती. डावा हात उचलला, तोंड उघडलं, अन म्हणाली, "डंकी."
पोरी हसल्या नाई. हसल्या असत्या तं बरं झालं असतं. मुंड्या खाली घालून पायडल मारत गेल्या.
मी आत जाऊन दाढी केली. गाल कापला.

२७ जून
जसं बोलतो तसंच लिहून राह्यलो आता. आधी भीतीनं शुद्ध लिहायचो. लग्नाच्या पहिल्या वर्षी ही डायरी तिच्या नजरेस पडली. वाचलं नाई म्हणे, फक्त जिथं 'मले' दिसलं तिथं लाल पेनानं 'मला' करून ठेवलं. बायको म्हणून नाई, इंग्रजीची मास्तरीण म्हणून. मीही सगळ्या गल्लीसारखा तिले मॅडमच म्हणतो, तं तक्रार कोणाकडं करणार.
लाल पेन टेबलावर पडून हाये. मले, मले, मले. ये अन खोड.

२८ जून
माय रुसून बसली. सुनेनं आपल्याले गधी म्हटलं, हे तिले शेजारच्या बाईनं समजावून सांगतलं.
मी म्हटलं, "माय, थे सर्वायलेच म्हणते. मलेबी म्हणते."
"तुले म्हणत असंन तं बराबर म्हणते."
एप्रिलात लकवा मारला तेव्हा मी समोरच जेवत होतो. नववीचे पेपर तपासून राह्यलती. पंखा फरफर करत होता, पेपरावर उशी ठेवलेली. म्हणाली, "अहो, हे पेपर म्हणजे निव्वळ डंकी—" अन थांबली. मले वाटलं चहा आठवला. मंग पेन पडला. मंग हात. मंग तोंडाचा उजवा कोपरा खाली आला.
डंकीवर्क म्हणायचं होतं तिले. गाढवमेहनत. डंकी बाहेर आलं, वर्क आतच राह्यलं. तेव्हापासून भूक लागो, पाणी पाह्यजे असो, पाय दुखो, डंकी. हात लुळा, पाय फरफटत, पन डोळे तेच. सारं समजून राह्यली आहे. हेच वाईट.

३० जून
सावंगीच्या दवाखान्यात नेलं. बोलणं शिकवते तो विभाग. पोरगीच हाये ती ताई, कुठल्या दुसऱ्या राज्यातली, हिंदीतून बोलते. फार हळू बोलते, घाई नाई तिले.
मॅडमले विचारलं, "आपका नाम शालिनी है?"
"हो."
"आप दुकान चलाती हैं?"
"हो."
"आप आदमी हैं?"
"हो."
म्हणाली अन स्वतःच दचकली. डाव्या हातानं मांडीवर थापड मारली, पुन्हा मारली. तिले कळलं होतं आपण काय म्हटलं ते. नाई म्हणायचं होतं, निघालं हो.
ताईनं मले बाहेर बोलावून सांगतलं. "समझती सब हैं, निकाल नहीं पातीं. और इनके हाँ पर अभी भरोसा मत कीजिए." हो अन नाई एकमेकात गुंतले म्हणे. मंग विचारलं, असं काही आहे का जे ह्यांनी आयुष्यात हजार वेळा म्हटलं? आरती, पाढे?
मी म्हटलं, प्राण्यांचे जोडशब्द.

३ जुलै
शाळेत गेलतो, मॅडमची पेटी आणाले. चपलांचा खोका आहे तो, त्यात पुठ्ठ्याचे तुकडे. दरवर्षी आठवीच्या पोरींना वाटायची. एकीले बटर, दुसरीले फ्लाय. एकीले काऊ, दुसरीले बॉय. आपला अर्धा घेऊन वर्गभर फिरायचं अन दुसरा अर्धा शोधायचा. एवढा कालवा व्हायचा की शेजारच्या वर्गाचे सर भांडाले येत.
कपाटावर नव्या बाईचं नाव चिकटवलं होतं. खोका खिडकीत ठेवला होता, पावसाच्या बाजूनं. दोनचार तुकडे फुगले.
हेडसर चांगलं बोलले. "रजा दिवाळीपर्यंत आहे. तोवर मॅडमला बोलतं करा. पुढचं पुढे." चहाही पाजला. तरी मले त्या चहाची चव काही चांगली लागली नाई.

७ जुलै
दुपारी दुकान बंद करून घरी येतो. आमचं गुरांच्या ढेप-सरकीचं दुकान, दुपारी तसंही गुरं रवंथ करते अन गवळी झोपते.
आजपासून सुरू. मी इंग्रजीत दोनदा आपटलेला माणूस, अन शिकवणार कोणाले? मॅडम मले म्हणायची, गाढवापुढे वाचली गीता. आता गाढव वाचून राह्यलं.
ताईनं सांगतलं तसं केलं. पहिला अर्धा मी म्हणायचा अन थांबायचं. "बटर—"
"डंकी."
"गोल्ड—"
"डंकी."
"काऊ—"
डोळ्यात पाणी. खोका बंद केला.

१५ जुलै
"बटर—"
"फ्लाय."
मी पुन्हा म्हटलं. "बटर—" "फ्लाय." मायले हाक मारली. माय आली, तिच्यासमोर म्हटलं, "बटर—" "फ्लाय." माय म्हणे, "म्हंजे काय?" मी म्हटलं, फुलपाखरू. माय म्हणे, "मंग फुलपाखरूच म्हन नं बाई, सोपं हाये." अन पदर डोळ्याले लावला.
दुकानात जाऊन ढेपेच्या पोत्यावर तोंड टाकून रडलो. एक गवळी आला. "काय झालं सेठ?"
"भुसा गेला डोळ्यात."

२४ जुलै
आता धो धो. गोल्ड—फिश. ड्रॅगन—फ्लाय. लेडी—बर्ड. हॉर्स—शू. अर्थ—वर्म. क्रो—बार.
क्रोबार म्हणजे सब्बल, पहार, डिक्शनरीत पाह्यलं. सब्बलीत कावळा कुठून आला, हे मॅडमनं सांगतलं असतं. एका वाक्यात सांगतलं असतं अन वरून म्हटलं असतं, "एवढंही माहीत नाही?" आता तिले माहीत आहे अन मले नाई, अन मधात काच. मले तिच्या त्या टोमण्याचीच भूक लागली.
पन एक गोष्ट लक्षात आली. मी पहिला अर्धा म्हटला तरच. उलटं केलं, "फ्लाय" म्हणून थांबलो, तं काही नाई. अन तिच्या मनानं सुरुवात तं नाईच. मी दुकानात असलो की ती दिवसभर तशीच, डंकीच्या पलीकडं काही नाई.

२९ जुलै
मराठीतही चालते!
"तुले भू—"
"क."
"पा—"
"णी."
पाणी प्यायली, पूर्ण तांब्या. मायले शिकवलं. माय आता दिवसभर "जे— जे—" करत मागं फिरते.
सायंकाळी डोक्यात किडा शिरला. मी भू म्हटलं म्हणून ती क म्हणाली, का भूक लागली म्हणून? मंग पुन्हा गेलो, आत्ताच जेवली होती. म्हटलं, "भू—" "क." म्हटलं, "ता—" "प." हात लावून पाह्यला, अंग गार. "मा—" म्हटलं. "र." कशाले विचारलं मी.

५ ऑगस्ट
आठवडाभर एक मूर्खपणा करून राह्यलतो. लिहून ठेवतो.
पुठ्ठ्यावर बुल, जोडीले डॉग. मी म्हणायचो, "बुल—" ती एकदा म्हणाली "फ्रॉग". मी म्हटलं, चूक. पुन्हा "बुल—" तं "फाईट." चूक. "आय." चूक. मी आवाज चढवला. परवा तं म्हटलं, "एवढे वर्षं शिकवलं अन बुलडॉग येत नाई?" तिनं मान फिरवली, अन मंग बुल म्हटलं की डंकी.
आज ताईले तक्रार सांगतली. ती हसली नाई, पन थांबली. बुलफ्रॉग आहे, बुलफाईट आहे, बुल्सआय आहे, म्हणे. सगळं बरोबर. एका पहिल्या अर्ध्याले दुसरे अर्धे किती तरी असते, भैया, और वो आपको नए-नए दे रही थीं.
मॅडम बाजूलेच बसून ऐकत होती. मी तिच्याकडं पाह्यलं. म्हटलं, "माह्यं चुकलं."
"हो," म्हणाली. हा हो मात्र खरा असावा.

२८ ऑगस्ट
तान्हा पोळा. पोट्टे लाकडी बैल घेऊन दारोदार. आमच्याकडं दरवर्षी झुंबड, कारण मॅडम बैलाचं इंग्रजी विचारायची अन सांगतलं तरी अन नाई सांगतलं तरी पेन्सिल द्यायची.
आणून ठेवल्या मी पेन्सिली. तिच्या मांडीवर ठेवल्या. पहिला पोट्टा आला, चाकावरचा बैल, शिंगाले बेगड. मॅडमचा चेहरा फुलला. तोंड उघडलं. मी मागून पटकन म्हटलं, "बु—" पन तिचं आधी निघून गेलं. डंकी.
पोट्टा म्हणे, "डंकी नाई जी, बैल हाये."
मागचे सारे हसले. एकानं चाल लावली, डंकी डंकी करत फाटकापर्यंत गेले. लेकरंच ती, त्यायले काय म्हणणार. मी गेलो अन पेन्सिली फाटकाबाहेर वाटून आलो. आलो तं मॅडम आत, भिंतीकडं तोंड करून.

४ सप्टेंबर
महालक्ष्म्यांसाठी आत्या आली. मॅडमच्या तोंडावरून हात फिरवला, रडली. मले चौदा वर्षांमागची आत्या दिसत होती.
लग्नात मॅडम एकतीस वर्षांची. मांडवात आत्या सर्वायले ऐकू जाईल असं म्हणाली, "घोडनवरी आणली रे बाप्पा यानं." मी मरणाचा लाजलो. एकटे झाल्यावर माफी मागितली तं मॅडम हसाले लागली. म्हणाली, "अहो, व्याकरण आहे ते. इंग्रजीत हॉर्स लावला की वस्तू मोठी होते, जरा रांगडी होते. हॉर्सफ्लाय म्हणजे मोठी माशी, हॉर्सलाफ म्हणजे मोठं खिंकाळणारं हसू. आपल्याकडे घोड लावतात. घोडचूक, घोडनवरी. तुमच्या आत्याला दोन्ही भाषांचं कळतं."
तिथून ते आमचं झालं. माह्या मनात आलं की मी म्हणायचो, "घोड—" अन ती कुठूनही, सैपाकघरातून, न्हाणीतून, म्हणायची, "नवरी." अन मी कुठं माती खाल्ली, कोणाले उधार देऊन बसलो, तिकीट विसरलो, की ती म्हणायची, "घोड—" अन मी खालमुंडी घालून म्हणायचो, "चूक." मी सुरू केलं की नवरी, तिनं सुरू केलं की चूक. उलटं कधी झालं नाई.
आज आत्या गेल्यावर भीत भीत म्हटलं, "घोड—"
"नवरी."
साफ. अन चांगल्या बाजूचा ओठ हसला. फार दिवसानं मले कोणी तरी घरी भेटलं.

१९ सप्टेंबर
हेडसर घरी आले. सोबत कागद. बसले, मॅडमले नमस्कार केला, "कशा आहात?" मॅडमनं सांगतलं, डंकी. सर बुटांकडं पाहत राह्यले.
मंग मले म्हणाले, दोन रस्ते आहेत. एक, आजारपणाच्या कारणानं आपणहून राजीनामा. सन्मानानं, निरोप समारंभ करू. दुसरा, दिवाळीनंतर नागपूरले डॉक्टरांच्या बोर्डापुढं उभं राहायचं. ते तपासतील शिकवता येते का. वाचाले लावतील, फळ्यावर लिहाले लावतील. "लोकांसमोर हे कशाला? मॅडमचा दरारा होता हो."
होता. मले तो होता टोचला. मी म्हटलं, बोर्डापर्यंत सुधारंन ती. सर म्हणाले, देव करो. पन निर्णय मॅडमचा पाहिजे, मी तुमच्यावर सोडत नाही, त्यांना विचारा.
विचारा! कोणाले, कसं?

२१ सप्टेंबर
विचारलं.
"राजीनामा द्यायचा?"
"हो."
"बोर्डापुढं जायचं?"
"हो."
"शाळा सोडायची?"
"हो."
"शाळेत जायचं?"
"हो." अन घामाघूम. प्रत्येक होनंतर डोळे मोठे करते, जसं काही मीच दार लावून घेतलं अन ती आतून ठोकून राह्यली.
मंग म्हटलं अर्धा शब्द टाकू. "राजी—" "नामा." झालं का काही? मी राजी म्हटलं म्हणून नामा. मी "शा—" म्हटलं असतं तं "ळा" म्हणाली असती. जे माह्या मनात तेच तिच्या तोंडात. तिचं तिच्याजवळच राह्यलं.
शेवटी दोन कागद केले. एकावर शाळेचं चित्र, एकावर घराचं. लाल पेन डाव्या हातात दिलं. म्हटलं, पाह्यजे त्यावर बरोबरची खूण कर. तिनं नीट पाह्यलं. दोन्हीवर केली. खालचा कोपरा मोकळा दिसला तिथंही एक केली. पेपर तपासायची सवय.

२ ऑक्टोबर
दुकान बंद. सेवाग्रामले जाणाऱ्या गाड्या सकाळपासून.
दिवसभर खोका घेऊन बसलो. बोर्डासाठी तयारी. मी ठरवलं होतं, तिनं आपल्या मनानं एक, फक्त एक, पहिला अर्धा म्हणावा. मी तोंड उघडणार नाई. तिच्यासमोर पुठ्ठे पसरले अन गप बसलो. ती पाहत राह्यली. बोटानं हॉर्स सरकवला, जवळ शू सरकवला. तुकडे जोडते, बोलत नाई. ओठ हलले, गळ्यातली शीर फुगली, अन आलं, "डं—"
मी ओरडलो. "डंकी नोको!"
ओरडाले नव्हतं पाह्यजे. माय धावत आली. मले म्हणे, "तुह्याच्यानं होत नसंन तं सोड, पन तिले भिववू नोको."

७ ऑक्टोबर
पहाटे झटका आला. हातपाय आखडले, दातखीळ. सावंगीले दाखल. मी तिच्या तोंडातून रक्त पुसत होतो अन माह्या तोंडात वेड्यासारखं, बटर, बटर, बटर.

१४ ऑक्टोबर
घरी आणलं. गोळ्या वाढल्या, झोप वाढली.
"बटर—"
नाई.
"गोल्ड—"
नाई.
डंकी सुद्धा नाई. त्या डंकीचा मले राग येत होता. आता ते घराबाहेर गेलं तं घर ओसाड झालं. हो तेवढा राह्यला.

१६ ऑक्टोबर
माय बोलली. एरवी बोलत नाई, पन आज बसून बोलली. "पाह्य, मी तिले शाळेवरून लय टोचलं. पोरंबाळं नाई अन शाळा शाळा. आता मीच सांगते, थे शाळा तिचा जीव होती. पन त्या नागपूरवाल्यायच्या समोर तिले उभी करशीन अन थे हो हो करंन, तं जे हाये तेबी मरंन. घरी राहू दे."
ताईले विचारलं. ती म्हणे, शब्द वापस आ भी सकते हैं, महीनों में, साल में. नहीं भी. बोर्डाच्या तारखेपर्यंत? तिनं नाई म्हणून मान हलवली.
मी थकलो हे खरं. मी तिच्यासाठी ठरवून राह्यलो का माह्यासाठी, हे मले सांगता येत नाई.

१८ ऑक्टोबर
राजीनाम्याचा कागद तिच्यासमोर ठेवला. मोठ्यानं वाचून दाखवला, एकेक ओळ. मराठीतून होता. त्यात हेडसरच्या क्लार्कनं 'शारिरीक' लिहिलं होतं, ऱ्हस्व-दीर्घ उलटं. तिचं बोट तिथं जाऊन थांबलं. डाव्या हातानं लाल पेन उचललं अन चूक दुरुस्त केली. अक्षर वाकडं, पन बरोबर.
मले वाटलं आता ती कागद फाडंन. नाई फाडला. मी निळं पेन दिलं. तिनं सही केली, शा पासून सुरू झाली अन पुढं रेघ.
सही करायची होती म्हणून केली, का मी पेन दिलं म्हणून केली?
शाळेत नेऊन दिला. हेडसर म्हणाले, कमिटीची बैठक दिवाळी झाल्यावर, तीन तारखेला. त्यात मंजूर होईल. मी विचारलं, तोवर मागं घेता येते? सर म्हणाले, "येतं. पण कशाला?"

२५ ऑक्टोबर
लक्ष्मीपूजन. दुकानात केलं, घरी आलो. फटाक्यांच्या आवाजानं मॅडम दचकते म्हणून खिडक्यायले गाद्या लावल्या.
"घोड—" म्हटलं. माह्याकडं पाह्यलं फक्त.

१ नोव्हेंबर
शाळेचा शिपाई सामान देऊन गेला. डस्टर, खडूचा डबा, छत्री, तिचा चहाचा कप, हजेरीले लावायची लाकडी पट्टी. अन कपाटावरून काढलेली तिच्या नावाची चिठ्ठी, तीही पिशवीत. शिपाई म्हातारा, मॅडमच्या पाया पडला. मॅडमनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.
सामान मी लपवणार होतो. माय म्हणे ठेव समोर, तिचंच हाये.

२ नोव्हेंबर
दुपारी मी तिचे केस विंचरून देत होतो. समोर टेबलावर डस्टर. बऱ्याच वेळापासून पाहून राह्यलती त्याच्याकडं. मी काही बोलत नव्हतो, शपथ. तोंडात क्लिप होती माह्या.
ती म्हणाली, "घोड—"
तिनं म्हटलं. मी नाई. एप्रिलपासून पहिल्यांदा, आपल्या मनानं, पहिला अर्धा.
अन थांबली. वळून माह्याकडं पाहत राह्यली. उरलेला मी म्हणावा म्हणून.
क्लिप तोंडातून पडली. मले माहीत आहे, तिनं सुरू केलं की काय म्हणायचं असते. चौदा वर्षं माहीत आहे. पन जीभ तिकडं जाईना. मी म्हटलं, "नवरी?"
"हो."
डोळे तसेच, माह्यावर. दुसऱ्या अर्ध्याची वाट पाहणारे का सरळ पाहणारे, मले कळलं नाई. मंग मी खालमुंडी घातली, जशी नेहमी घालायचो. म्हटलं, "चूक?"
"हो."
माय चहा घेऊन आली. मॅडमनं अर्धा प्यायला, अर्धा ठेवला. मी क्लिप उचलून तिच्या केसात लावली.
बैठक उद्या दुपारी आहे. शाळा सकाळी अकराले उघडते, कागद तोवर हेडसरच्या टेबलात, चूक असंन तं मागं घेता येते. सकाळी, चहाच्या आधी, पुन्हा विचारतो. ह्या वेळी आधी चूक म्हणीन, मंग नवरी.